गणितात किती पडले?

दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी महाराष्ट्रात घरोघरी गणित सुटत असतं. सहा विषयांतले चांगले पाच निवडायचे, बेरीज करायची, पाचशेपैकी किती ते टक्क्यांत काढायचं, तेही दोन दशांशांपर्यंत. मग शेजारच्या मुलाचे टक्के, मावसबहिणीचे टक्के, हव्या त्या कॉलेजचा गेल्या वर्षीचा कटऑफ आणि प्रत्येकाशी आपला फरक. कॅल्क्युलेटर मोबाइलचा असतो, पण हिशेब बिनचूक असतो. पुढच्या आठ दिवसांत तीच मुलं कट्ट्यावर बसून म्हणतात, “काय उपयोग रे या गणिताचा? साइन थीटा घेऊन कुणी दुकानात जातं का?” मोठी माणसं यावर एक तर हसतात, नाहीतर उपदेश करतात. मला हा प्रश्न मुलांवर आणि गणिताच्या सरांवर सोडून देण्यासारखा वाटत नाही. तो पालकांचा आहे, करदात्यांचा आहे आणि मतदारांचाही आहे. म्हणून मुद्दे मांडतो.

१. हा प्रश्न विचारतं कोण, ते आधी बघू.

गणितात पंच्याण्णव पडलेलं पोर हा प्रश्न सहसा विचारत नाही. अडतीस पडलेलं विचारतं. आणि तो गणितालाच विचारला जातो. व्हर्सायचा तह रोजच्या व्यवहारात कुठे लागतो, यमक अलंकार ओळखता आला तर पगार वाढतो का, असं कुणी तावातावाने भांडताना दिसत नाही. याचं कारण इतिहासाच्या आणि मराठीच्या पेपरात वर्ष अडकल्याचं क्वचित ऐकू येतं. गणितात मात्र अडकतं. एटीकेटी गणिताची, जुलैची पुरवणी परीक्षा गणिताची, क्लासची निम्मी फी गणिताची. ज्या विषयाला आपण फाटकावर उभं केलं आहे, त्यालाच ‘तू इथे का उभा आहेस?’ असा जाब विचारला जाणार. मुलं आळशी आहेत म्हणून विचारतात, हे मला मान्य नाही. अडवलेल्या माणसाने कारण विचारणं रास्तच आहे.

२. आपण देतो ती उत्तरं लंगडी आहेत.

‘मोठा झालास की कळेल’ हे उत्तरच नव्हे. ‘इंजिनिअर व्हायचंय ना?’ हे ज्याला व्हायचं आहे त्याच्यापुरतं. वर्गातल्या बाकीच्यांचं काय? ‘बुद्धीला धार येते’ असं म्हणतात, पण वर्गसमीकरणं सोडवून सोडवून धार आलेली किती मंडळी बक्षिसाच्या खोट्या मेसेजवर ओटीपी सांगून मोकळी होतात, ते आपण बघतोच. राहिलं भाजी आणण्याचं गणित. ते दोन्ही बाजू वापरतात आणि दोघांनाही ते तोकडं पडतं. भाजीला चौथीचं गणित पुरतं. आमच्या आधीच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ होती आणि वाण्याच्या दुकानात ती कामाला यायची, हे खरंच. पण तेवढ्यासाठी दहा वर्षं शाळेत बसवा, असं कुणी म्हणणार नाही.

३. पुस्तकात उपयोगाचं काही नाही, ही तक्रार खोटी आहे.

राज्य मंडळाचं दहावीचं गणित भाग १ उघडून बघा. दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी यांच्यानंतर चौथं प्रकरण ‘अर्थनियोजन’ आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, म्युच्युअल फंड आणि एसआयपी आहे. पाचवं संभाव्यता, सहावं सांख्यिकी. नववीच्या पुस्तकात प्राप्तिकर आहे, आठवीत चक्रवाढ व्याज. ज्याने कुणी हा अभ्यासक्रम आखला त्याने नागरिकाचा विचार केला होता, हे कबूल करायला हवं.

मग ते मुलांपर्यंत पोचत का नाही? कारण पोचवलं जातं ते उत्तरपत्रिकेसाठी. सूत्र लिहिलं की गुण, किमती भरल्या की गुण, शेवटी एकक लिहायला विसरू नका, पायऱ्या गाळू नका. सीजीएसटी आणि एसजीएसटीचा तक्ता मुलं झोपेतही भरतील. पण हॉटेलचं बिल हातात दिलं आणि विचारलं, ‘हे अडीच टक्के दोनदा का लावलेत, आणि सर्व्हिस चार्ज म्हणून तिसरी रक्कम लिहिलीय ती सरकारला जाते की मालकाला?’, तर गडबड उडते. वर्गात बिल कधी आलेलंच नसतं. एक साधं बिल, फळ्यावर नव्हे, हातात घेऊन, चुरगळलेलं, खालची शाई उडालेली, असं किती शाळांत वाचून घेतात? शिवाय परीक्षेला चार महिने उरले की मुलं ‘हे ऑप्शनला टाकू’ म्हणत प्रकरणं वजा करू लागतात, आणि ती वजाबाकी करताना जगण्यात काय लागेल हा निकष कुणीच लावत नाही.

४. नेमकं काय येत नाही, याचा अंदाज आहे.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ने २०२३ साली १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ४३.३ टक्क्यांनाच जमलं. पण मला त्यातलं पट्टीचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. वस्तू पट्टीच्या शून्यापासून ठेवली तेव्हा साधारण ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्याऐवजी पुढच्या आकड्यापासून ठेवली, आणि बरोबर सांगणारे ३९ टक्क्यांवर आले. म्हणजे पट्टी वाचता येते, मोजता येत नाही. मुलांना जिथे बोट ठेवायला शिकवलं तिथे त्यांनी ठेवलं आणि समोर दिसला तो आकडा सांगितला.

त्याच पाहणीत, ज्यांना निदान वजाबाकी येत होती अशांना रोजच्या व्यवहारातले हिशेब दिले होते. ठरल्या पैशांत खर्च बसवणं साठ टक्क्यांहून जास्त जणांना जमलं. सवलतीनंतरची किंमत काढणं साधारण ३७ टक्क्यांना. कर्जाची परतफेड किती होईल हे सुमारे १० टक्क्यांना.

या दहा टक्क्यांवर जरा थांबतो, कारण उरलेले नव्वद टक्के उद्याचे कर्जदार आहेत. मोबाइल हप्त्यावर, दुचाकी हप्त्यावर, गटाचं कर्ज हप्त्यावर. समजा एक लाख रुपये ‘वार्षिक १२ टक्के फ्लॅट’ दराने एका वर्षासाठी घेतले. एजंट हिशेब तोंडी सांगतो: व्याज १२ हजार, एकूण १ लाख १२ हजार, भागिले बारा, हप्ता ९,३३३ रुपये. महिना एक टक्का. कुणालाही पटेल.

आता कागद घ्या आणि दोन रकाने आखा. दर हप्त्यात ८,३३३ रुपये मुद्दल जातं आणि १,००० रुपये व्याज. सहा हप्ते फिटल्यावर तुमच्याकडे त्यांचे पन्नास हजारच उरलेत, पण व्याज अजून लाखावरच चाललंय. अकरा हप्ते फिटल्यावर उरतात ८,३३३ रुपये, आणि त्या एका महिन्याचंही व्याज १,००० रुपयेच. म्हणजे शेवटच्या महिन्यात दर पडला महिन्याला १२ टक्के. घटत्या शिलकेवर हिशेब मांडला तर ज्याला बारा टक्के म्हटलं ते कर्ज वर्षाला साधारण साडेएकवीस टक्क्यांनी पडतं. यात फसवणूक आहे का? कागदावर ‘फ्लॅट’ लिहिलेलं असतं, सही तुमची असते. यासाठी लागणारं गणित आठवीच्या पुढचं नाही. दोन रकाने आखून, एकेक महिना खाली उतरत जाण्याची सवय लागते, आणि ती सवय शाळेत लावलेली नसते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, व्याजाची उदाहरणं आहेत. साडेआठशेहून जास्त वर्षं झाली, सावकार आहेत तिथेच आहेत. फक्त आता ते ॲपमधून येतात.

५. उसाच्या बिलातही हेच.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांनी तरी ‘गणित कुठे लागतं’ असं विचारू नये, पण तीही विचारतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, होती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ. कारखान्याचा उतारा १२.२५ धरला तर वीस पायऱ्या, क्विंटलमागे ६६ रुपये ४० पैसे जास्त, टनाला ४,०६४ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. उताऱ्यात एका दशांशाचा फरक पडला तर शंभर टन ऊस घालणाऱ्याचे ३,३२० रुपये इकडचे तिकडे होतात. ही सरळसरळ अंकगणिती श्रेढी आहे, दहावीच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण. पुस्तकात उदाहरणं म्हणून नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या रांगा असतात. उसाचं बिल गावात प्रत्येक घरात येतं, ते वर्गात आणायला कुणाची परवानगी लागत नाही.

६. आता तुलनेकडे वळू, कारण मार्क म्हणजे काय हेही गणितच आहे आणि ते कुणी शिकवत नाही.

राज्य मंडळाच्या गणितात ४०-४० चे दोन पेपर आणि २० गुण शाळेच्या हातात. शाळेचे २० किती सढळ हाताने पडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, त्यावर कला-क्रीडेचे वाढीव गुण. २०२४ च्या दहावीत १८७ विद्यार्थ्यांना १०० टक्के पडले, त्यातले १२३ एकट्या लातूर विभागातले. लातूरची मुलं कष्टाळू आहेत यात वाद नाही, ‘लातूर पॅटर्न’ उगाच नावारूपाला आलेला नाही. पण नऊ विभागांपैकी एकाच विभागात शंभर टक्केवाल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश असतील, तर सांख्यिकीचं प्रकरण वाचलेल्या मुलाने ‘असं का?’ म्हणून हात वर करायला हवा. कारण चांगलंही निघेल, वाईटही निघेल. विचारायला तर हवंच.

सीबीएसईची तऱ्हा वेगळी. तिथे उत्तीर्ण झालेल्यांना गुणक्रमाने लावून वरच्या एक-अष्टमांशाला ए-वन देतात. म्हणजे एका विषयात ए-वनला जेवढे गुण लागतात, तेवढ्याच गुणांना दुसऱ्या विषयात ए-टू मिळू शकतो. सोसायटीतली सीबीएसईची मुलगी आणि झेडपी शाळेतून आलेला मंडळाचा मुलगा यांची ग्रेड आणि टक्के समोरासमोर ठेवून काकू निकाल देतात, तो कुठल्या हिशेबाने? आणि सीईटीत ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के मार्क नव्हेत, हे अजूनही लग्नाच्या पंगतीत समजावून सांगावं लागतं.

९१.४० आणि ९१.८० मधला फरक म्हणजे पाचशेत दोन गुण. तपासणाऱ्याने एक पायरी इकडे धरली की तिकडे, एवढाच. किराणा दुकानाच्या काट्यावर सोनं तोलल्यासारखं हे आहे. काटा खोटा नसतो, पण तो तेवढ्या बारकाईसाठी बनवलेला नसतो.

७. तुलना बंद करा, असं मी म्हणत नाही.

ते होणारही नाही. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात आणि कटऑफ दशांशांनीच ठरतो. ज्या मुलाची जागा ०.२० ने हुकते त्याला ‘गुणांना एवढं महत्त्व देऊ नकोस’ म्हणणं हा दुष्टपणा आहे. मुलं पेपर हातात आले की एकमेकांचे मार्क बघणारच. ‘तुला दोन दिले? मला तेच लिहून दीड दिले’, यातून ती तपासणीतली तफावत शोधतात, म्हणजे खरं तर लेखापरीक्षणच करतात. ते चांगलंच आहे.

माझी हरकत मोठ्यांनी मांडलेल्या बाजाराला आहे. चौकातल्या फ्लेक्सवर अल्पवयीन मुलांचे फोटो, नाव, टक्के, खाली क्लासचा फोन नंबर. ही जाहिरात आहे आणि तिचा खर्च ती मुलंही उचलतात ज्यांचे फोटो नाहीत. नगरपालिकांना विनापरवाना फ्लेक्स उतरवण्याचे अधिकार आहेत. निकालाच्या आठवड्यात ते वापरले, तर कुणाचं शिक्षण बुडणार नाही.

८. वीस गुणांचा तोडगा.

गणिताचं फाटक सैल करावं, ही मागणी जुनी आहे. मंडळाकडे ‘सामान्य गणित’ हा पर्याय होता, तो बंद झाला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का, याचा विचार करायला सांगितलं होतं. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन पेपर आणले. आणि २०२४ मध्ये आपल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यातून वीस गुणांची बातमी आली: गणितात किंवा विज्ञानात ३५ नाहीत पण किमान २० आहेत, तर पुढे जाऊ द्यायचं, गुणपत्रकावर शेरा मारायचा की या विषयांवर आधारलेल्या शिक्षणाकडे जाता येणार नाही. ज्याला शेरा नको त्याने पुन्हा परीक्षा द्यायची. दहावीचा नवा अभ्यासक्रम लागू होईल तेव्हा हे यायचं आहे.

‘दर्जा घसरला’ म्हणून ओरड झाली. मी त्या ओरडीत सामील नाही. एका विषयापायी आयटीआय हुकणं, सरकारी भरतीतली ‘दहावी उत्तीर्ण’ची अट अडणं, मुलीचं शिक्षण तिथेच थांबवून स्थळं बघायला लागणं, हे दर्जाच्या नावाखाली चालवून घेण्याजोगं नाही. पण वीस गुणांचा तोडगाही मला पटत नाही, कारण ते वीस कुठले, हे तो सांगत नाही. एका मुलाला भूमितीच्या रचना आणि पाठ केलेल्या सिद्धतेवर वीस पडतील आणि टक्केवारी शून्य येईल. दुसऱ्याचं व्यवहारातलं सगळं पक्कं असेल आणि त्रिकोणमितीत तो गारद होईल. दोघांच्या गुणपत्रकावर शेरा एकच. शिवाय पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला कागदावर लिहून द्यायचं की हे दार तुला बंद, याची सरकारला एवढी घाई कशाला?

९. मग काय करावं.

पेपर दोन आहेतच. त्यांची वाटणी बदला. आज एक बीजगणिताचा आणि एक भूमितीचा आहे. त्याऐवजी पहिला पेपर नागरिकाच्या गणिताचा असावा: टक्केवारी, व्याज, हप्ता, कर, मोजमाप, नकाशा आणि प्रमाण, आलेख वाचणं, सरासरीत काय लपतं ते ओळखणं, संभाव्यता. तो सगळ्यांना सक्तीचा, आणि त्यात ३५ नव्हे, चांगले ५० मागा. आकडेमोडीला कॅल्क्युलेटर द्या. बाहेर सगळ्यांकडे असतो. प्रश्न खऱ्या कागदांवर हवेत: वीजबिल, कर्जाचा तक्ता, उसाचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण. दुसरा पेपर बीजगणित आणि भूमितीचा, आजच्याइतकाच किंवा थोडा अधिक कसाचा, ज्याला विज्ञानाकडे जायचं आहे त्याच्यासाठी. तो दहावीत द्या, जुलैत द्या, दोन वर्षांनी द्या. गुणपत्रकावर ‘दिला नाही’ एवढंच, शेरा नाही.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला माहीत आहे: वस्तीतल्या, पाड्यावरच्या मुलांना शाळा परस्पर पहिल्या पेपरवर थांबवतील, निकालाची टक्केवारी राखायला. असं होईल, नक्की होईल, जर निवड नववीत आणि शाळेच्या हाती ठेवली तर. म्हणून दुसरा पेपर सगळ्या शाळांनी शिकवलाच पाहिजे आणि तो द्यायचा की नाही हे विद्यार्थ्याने पहिल्याचा निकाल हातात आल्यावर ठरवावं. शिक्षकांचा त्रास वाढेल. खऱ्या बिलांवरचे प्रश्न काढणं आणि तपासणं हे साच्यातल्या प्रश्नांपेक्षा अवघड आहे. मंडळाला त्यासाठी पैसे आणि वेळ द्यावा लागेल.

आणि ज्यांना गणित आवडतं म्हणून आवडतं, उपयोगासाठी नव्हे, त्यांचं काय? त्यांच्यासाठी ही वाटणी सगळ्यात बरी. पायथागोरसच्या प्रमेयाला उपयोगाचं सर्टिफिकेट लागत नाही. सक्ती उठली तर ते प्रमेय शिकवणाऱ्या सरांनाही वर्गात जरा मोकळा श्वास घेता येईल.

१०. हे आत्ता का.

नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीला लागला आहे आणि टप्प्याटप्प्याने वर चढतो आहे. तो दहावीला भिडेपर्यंत मूल्यमापन कसं असावं यावर बोलायला जागा आहे. पुस्तकं छापून झाली की मग फक्त चुका काढता येतात. पण मंडळाची वाट बघायचीही गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बऱ्याच ठिकाणी ती समिती पोषण आहाराच्या तांदळावर आणि कुंपणाच्या निविदेवर बोलून उठते. पुढच्या बैठकीत पालकांनी हेडसरांना एवढंच विचारावं: आठवीच्या वर्गातल्या किती मुलांना एका वर्षाच्या कर्जाचा बारा ओळींचा तक्ता स्वतः मांडता येतो? आकडा सांगा, आणि पुढच्या तिमाहीत पुन्हा सांगा.